नदीकाठी लेटरबॉक्स लपवायचा असेल तर आधी पुराची रेघ शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. मुलं आठ आणि अकरा वर्षांची. डेलावेअर अँड रॅरिटन कालव्याच्या कडेने, मिलस्टोन नदीच्या बाजूबाजूने जी वाट जाते तिथे आम्ही नेहमी फिरायला जातो. एकदा मुलांना कुणीतरी लपवलेला लेटरबॉक्स सापडला आणि आता आपलेही डबे लपवायचे म्हणून ती मागे लागली आहेत. किती लपवावेत, कुठे, कसे? पावसापाण्यात टिकतील का? आणि संकेत मराठीत लिहिले तर चालतील का?"

चालतील, आणि त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते. पण आधी किती आणि कुठे. सुरुवातीला दोनच डबे लपवा. ते विकत आणण्याआधी, शिक्क्याचं चित्र ठरवण्याआधी, एक दिवस नुसतं पुराची रेघ बघायला त्या वाटेवर जा. नदीकाठी डबा टिकतो की जातो, हे तो किती महागाचा आहे यापेक्षा किती उंचावर ठेवलाय यावर ठरतं. जागा, संकेतातल्या खुणा, डब्याचा प्रकार, वर्षभराची देखभाल, सगळ्याचा हिशोब पाणी कुठवर चढतं तिथून सुरू होतो. डोंगरातल्या वाटेवर लपवायची सवय असलेले अनुभवी लोकसुद्धा नदीकाठी पहिला डबा गमावतात, तो इथेच.

ज्यांनी लेटरबॉक्सिंग हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. एकजण डबा लपवतो आणि तिथवर नेणारे संकेत लिहितो; बाकीचे ते वाचून डबा शोधतात. डब्यात एक हाताने कोरलेला रबरी शिक्का आणि एक छोटी नोंदवही असते. शोधणारा स्वतःचा शिक्का, स्वतःची वही आणि शाई घेऊन येतो. डब्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला शिक्का डब्यातल्या वहीत उमटवायचा, तारीख घालायची, आणि डबा होता तसाच पुन्हा लपवायचा. काही घ्यायचं नाही, काही ठेवायचं नाही. खेळाचं मूळ इंग्लंडमधल्या डेव्हनच्या डार्टमूर पठारावर आहे. चॅगफर्ड गावचा वाटाड्या जेम्स पेरट याने १८५४ मध्ये क्रॅनमिअर पूल नावाच्या दलदलीच्या आडजागी एक बाटली ठेवली आणि तिथवर पोचलेली माणसं तिच्यात आपलं कार्ड टाकू लागली. पुढे लोक पत्ता लिहिलेली पोस्टकार्डं ठेवू लागले. नंतर येणाऱ्याने ती नेऊन टपालात टाकायची, असा शिरस्ता पडला. अमेरिकेत हा खेळ पसरला तो १९९८ मध्ये 'स्मिथसोनियन' मासिकात आलेल्या लेखानंतर. त्याआधी १९९५ पासून व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशरच्या मध्ये, कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात, 'व्हॅली क्वेस्ट' नावाने गावोगावची मुलं आणि मोठी माणसं डार्टमूरच्याच धर्तीवर यमक जुळवलेले संकेत रचत होती. जिओकॅशिंग हा लपवलेले डबे शोधायचा दुसरा खेळ त्यानंतरचा, २००० सालचा. तिथे उपग्रह तुम्हाला जागेवर नेऊन सोडतो. इथे मात्र संकेत वाचून, आजूबाजूला बघून स्वतःच पोचायचं असतं. म्हणून मुलांसाठी मला हाच खेळ जास्त आवडतो.

आता तुमची वाट. हा कालवा १८३० ते १८३४ या काळात खणला गेला, बहुतांशी आयरिश मजुरांच्या हातांनी, कुदळ-फावड्याने. पेनसिल्व्हेनियातला कोळसा यातून न्यू यॉर्ककडे जायचा. तुम्ही चालता ती वाट खेचरांची. कालव्यातल्या नावा दोराने ओढत खेचरं इथून चालायची. १९३२ च्या हंगामानंतर नावा बंद झाल्या, १९७४ मध्ये राज्याने इथे उद्यान केलं आणि आज हेच पाणी लाखो घरांच्या नळाला जातं. किंग्स्टनच्या पुढे बऱ्याच अंतरापर्यंत ही वाट एका चिंचोळ्या बांधावरून जाते: एका हाताला कालवा, दुसऱ्या हाताला मिलस्टोन. चालायला यासारखी वाट नाही. डबा लपवायला मात्र अवघड, कारण नदी चढली की हा बांध दोन्हीकडून पाण्यात असतो. १९९९ चं फ्लॉइड, २०११ चं आयरीन, २०२१ चं आयडा, प्रत्येक वादळात मिलस्टोन आणि रॅरिटनचं खोरं पाण्याखाली गेलं आणि प्रत्येक वेळी या वाटेची जागोजागी नासधूस झाली. अशी मोठी वादळं सोडा, साध्या वसंतातल्या पावसातही सखल भागातली झाडं गुडघाभर पाण्यात उभी असतात.

रेघ शोधायची ती झाडं निष्पर्ण असताना, नोव्हेंबर ते मार्चमध्ये. नदीच्या बाजूच्या झुडपांत नजर टाका. फांद्यांच्या बेचक्यांत वाळलेलं गवत, काटक्या, प्लॅस्टिकच्या चिंध्या अडकलेल्या दिसतील, आणि त्या सगळ्या साधारण एकाच उंचीवर असतील. गवताचे पुंजके फांदीच्या ज्या अंगाला चिकटलेत ते अंग प्रवाहाच्या वरच्या बाजूचं. सायकॅमोरच्या पांढऱ्या खोडावर गाळाचा मातकट पट्टा उठून दिसतो, हात फिरवला तर बोटांना बारीक माती लागते. मुलांना दोघांना दोन बाजूंनी पाठवा आणि सगळ्यात उंच अडकलेली काडी कोणाला सापडते ते बघा. मग मोठ्या माणसाने त्या उंचीला उभं राहून स्वतःच्या अंगावर खूण धरावी, कमरेला की छातीला. तुमचा डबा त्याच्या वर हवा. जमिनीलगत ठेवायचा असेल तर जमीनच तेवढी उंच हवी. मोठ्या पुलांचे भराव किंवा कालव्याच्या पलीकडे जिथे उद्यानाचीच जमीन टेकाडावर चढते, अशा जागा आधी तपासा. आणि एक लक्षात घ्या, दर वर्षी दिसणारी ही रेघ नेहमीच्या पुराची असते. आयडासारख्या पुरापुढे कुठलीच उंची पुरत नाही. तो डबा गेला तर जाऊ द्यावा, पण साध्या पुरात तो जाता कामा नये.

उंची ठरली की उरलेल्या अटी. वाटेच्या दोन्ही कडांचं गवत कापलं जातं. त्या पट्ट्यात ठेवलेला डबा कापणी यंत्राखाली चुरा होतो, म्हणून त्या पट्ट्याच्या बाहेर जा. पाण्याच्या काठावर वाकावं लागेल अशी जागा कधीही नको. कालव्याचा काठ सरळ उतरतो, पाणी माणसाच्या उंचीपेक्षा खोल असू शकतं, आणि शोधायला येणारी मुलं तुमच्या धाकट्यापेक्षाही लहान असतील. लॉकच्या (नावा वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या दरवाज्यांच्या) भिंती, मोऱ्या, पुलांचे दगड हे जवळजवळ दोनशे वर्षांचं बांधकाम आहे. त्यातला एक दगडही सरकवायचा नाही आणि फटीत डबाही कोंबायचा नाही, कारण तुम्ही हळुवार हाताने ठेवाल, पण तुमच्यामागून शोधायला येणारा अधीरपणे चार दगड उपसेल. डार्टमूरवर जुन्या बांधकामांत आणि दगडी कुंपणांत डबे ठेवायला मनाई आहे ती याच अनुभवातून. खणायचं नाही, झाडाला खिळा ठोकायचा नाही. पोकळ खोड मोह पाडतं, पण तिथे बहुधा आधीच कुणीतरी राहत असतं. मला सगळ्यात विश्वासाची वाटते ती दोन-तीन बुंधे एकत्र वाढलेल्या झाडाची बेचकी, जमिनीपासून वर, वाटेच्या उलट अंगाला. डबा आत बसवायचा, वर झाडाची पडलेली साल आणि काटक्या ठेवायच्या. दगडांचा ढीग रचू नका, नदीकाठच्या मातीत तो लांबूनच ओळखू येतो.

झाड निवडताना ॲश टाळा. ॲशची झाडं पोखरणारा हिरवा किडा २०१४ मध्ये न्यू जर्सीत सापडला आणि तेव्हापासून ही झाडं उभ्या उभ्या वाळून पडत आहेत. सायकॅमोर, ओक चांगले.

डबा चारही बाजूंनी खटके असलेला, झाकणात सिलिकॉनची कडी असलेला घ्या. खाऊ न्यायचे पातळ डबे पहिल्या थंडीत तडकतात. पाणी आत शिरतं, गोठतं, फुगतं आणि खटका तुटतो. घरी एक चाचणी करा: आत कोरडा टिश्यू पेपर ठेवून डबा बादलीत बुडवा, वर दगड ठेवा, रात्रभर राहू द्या. सकाळी टिश्यू कोरडा असेल तरच तो डबा बाहेर जाण्याच्या लायकीचा. धुताना वासाचा साबण नको, आणि ज्यात कधी खाद्यपदार्थ ठेवलेत असा डबा तर मुळीच नको. रकून आणि खारी तो कुरतडून उघडतात. शिक्का वेगळ्या झिपच्या पिशवीत, वही वेगळ्या पिशवीत, दोन्ही पिशव्या जाड, फ्रीझरमध्ये वापरतात तसल्या. नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या जपून ठेवा आणि एक वहीच्या पिशवीत टाका. शाईचा पॅड डब्यात ठेवू नका. उन्हाळ्यात तो वाळतो, हिवाळ्यात गोठतो आणि मधल्या काळात सगळ्यावर सांडतो. बाहेरून तपकिरी-हिरवी चिकटपट्टी लावा, पण तळाला एक चौकोन पारदर्शक सोडा आणि आतून वाचता येईल अशी चिठ्ठी लावा: हा एक खेळ आहे, आत शिक्का आणि वही आहे, कृपया परत ठेवा. कामगाराला किंवा पोलिसाला अनोळखी डबा दिसला तर उघडण्याआधीच कळलं पाहिजे.

शिक्का विकतचा वापरता येतो, पण वापरू नका. या खेळाचा जीव कोरलेल्या शिक्क्यात आहे आणि तुमचं अकरा वर्षांचं मूल हे काम सहज करेल. कोरायला मऊ रबरी ठोकळा मिळतो, बहुतेक गुलाबी किंवा पांढरा. सोबत लिनोलियम कोरायची पाती, एक इंग्रजी व्हीच्या आकाराचं आणि एक यूच्या. सरावासाठी पांढरा खोडरबर पुरतो. चित्र मऊ पेन्सिलीने ट्रेसिंग पेपरवर काढा, कागद उलटा करून रबरावर ठेवा आणि मागून नखाने घासा. चित्र उलटं उमटतं, म्हणजे शिक्का मारल्यावर सुलटं येतं. अक्षरं असतील तर हे विसरून चालत नाही. देवनागरी अक्षरं कोरायची असतील तर निदान बोटाच्या पेराएवढी मोठी ठेवा, नाहीतर अनुस्वार आणि काने पात्याखाली उडतात.

कोरताना हात स्थिर आणि रबर फिरतं. वळण आलं की पातं वळवायचं नाही, डाव्या हाताने ठोकळा पात्याखाली फिरवायचा. असं केलं की गोल रेष खरोखर गोल येते. पातं थोडं बाहेरच्या बाजूला कलतं धरा, म्हणजे राहिलेल्या रेषेचा पाया रुंद आणि माथा अरुंद होतो. उलट कललं तर रेष खालून पोखरली जाते आणि काही शिक्क्यांनंतर लोंबते. रेषा मनात असते त्यापेक्षा जाडच ठेवा, नंतर बारीक करता येते, जाड करता येत नाही. मोठ्या मोकळ्या जागा यू पात्याने खोल काढा, नाहीतर तिथे शाई लागून डाग उठतात. मधूनमधून कागदावर छाप घेऊन बघा. धाकट्याच्या हातात पातं देऊ नका. त्याने चित्र काढावं, छाप घ्यावेत, आणि मोठ्याने कोरताना मोकळा हात कायम पात्याच्या मागे असावा.

चित्र त्या जागेचं हवं. खेचर, पूल राखणाऱ्याचं छोटं घर, ओंडक्यावर ओळीने ऊन खात बसलेली कासवं, पाण्यात एका पायावर उभा बगळा. शोधणाऱ्याने घरी जाऊन वही उघडली की त्याला ती जागाच आठवली पाहिजे. तुमच्या कुटुंबाचा स्वतःचा शिक्का मात्र काहीही असू द्या. इथल्या खेळाडूंत खऱ्या नावाऐवजी वाटेवरचं टोपणनाव वापरायची पद्धत आहे. मुलांनी 'खेकडा' आणि 'पाणकोंबडी' अशी नावं घेतली तर नोंदवहीत ती देवनागरीत उमटतील आणि कुणा अनोळखी माणसाला फार आनंद होईल. पहिला चांगला छाप घरी जपून ठेवा, त्याच्या मागे चित्राचा ट्रेसिंग पेपर चिकटवा. डबा गेला तर तोच शिक्का पुन्हा कोरता येतो.

छाप घेताना एक युक्ती मुलांना शिकवा. पाण्याच्या रंगीत मार्करने शिक्क्यावरच वेगवेगळे भाग रंगवायचे, बगळ्याचा पाय पिवळा, पाणी निळं. रंगवता रंगवता पहिला रंग वाळतो. मग शिक्क्यावर तोंडाने गरम वाफ सोडायची, आरशावर सोडतो तशी, आणि लगेच कागदावर दाबायचं. वाळलेला रंग ओला होऊन सगळे रंग एकदम उमटतात. डब्यात परत ठेवण्याआधी शिक्का ओल्या टिश्यूने पुसून पूर्ण कोरडा करायचा. ओला शिक्का बंद पिशवीत गेला की बुरशी धरतो.

आता संकेत. नदीकाठी संकेत लिहिणाऱ्यांकडून एकच गोष्ट वारंवार बिघडते: ते हलणाऱ्या खुणा धरतात. 'आडव्या पडलेल्या मोठ्या ओंडक्यापाशी' असं लिहिलं की पुढच्या पुराने ओंडका खाली नेलाच म्हणून समजा. वाळूचा पट्टा, नदीतला दगड, बाक, माहितीचा फलक, यांतलं काहीही पाच वर्षं तिथे राहील याचा भरवसा नाही. टिकतात ते पूल, लॉक, जुनी घरं आणि मैलाचे दगड. कालव्याच्या वाटेवर असे दगड आहेत आणि त्यांच्यावर दोन आकडे असतात, दोन्ही टोकांपर्यंतची अंतरं. दगडाजवळ बसून मुलांना ते बोटांनी चाचपायला लावा. संकेतासाठी याहून चांगली सामग्री नाही, कारण आकडा तिथे गेल्याशिवाय कळत नाही आणि तिथे गेल्यावर कुणालाही कळतो.

दुसरी पक्की खूण म्हणजे पाण्याची दिशा. मिलस्टोन उत्तरेकडे वाहते आणि पुढे रॅरिटनला मिळते. कालव्याचं पाणीही या भागात त्याच दिशेने सरकतं. त्यामुळे 'डावीकडे', 'उजवीकडे' लिहिण्याआधी तोंड कुठे करायचं ते सांगा. मराठीतला नमुना हवा असेल तर हा घ्या:

पाणी निघाले ज्या वाटेने, त्याच वाटेने तुम्ही निघा,
उजव्या हाती कालवा ठेवा, डाव्या हाती नदी बघा.
मैलाचा दगड लागला की बोटे फिरवून आकडे वाचा,
मोठ्यातून धाकटा वजा करा, उरतील तितकी पावले नाचा.

यात सुरुवातीची दिशा आहे, ती बरोबर आहे का हे पडताळायची सोय आहे (दोन्ही हातांना पाणी योग्य बाजूला हवं), आणि शेवटचा आकडा जागेवरच मिळतो. यमक जमवण्याच्या नादात माहिती सांडू देऊ नका. एका ओळीत एकच काम. शेवटच्या पन्नास पावलांचा संकेत मात्र गद्यात, सरळ द्या: कुठलं झाड, कुठलं अंग, किती उंची. कोडं वाटेवर असावं, डब्यापाशी नसावं. शेवटच्या टप्प्यावर लोक चाचपडले की दहा झुडपं तुडवतात, आणि नदीकाठची माती एकदा उघडी पडली की पावसात वाहून जाते.

पावलं म्हणजे कोणाची? मोठ्या माणसाची साधी पावलं, असं स्पष्ट लिहा. काही खेळाडू डावं आणि उजवं मिळून एक मोजतात, त्यामुळे न सांगितल्यास अंतर दुप्पट होतं. होकायंत्राचा अंश देणार असाल तर आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. मध्य न्यू जर्सीत होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून बारा-तेरा अंश पश्चिमेला वळलेली असते. सह्याद्रीत होकायंत्र घेऊन फिरलेल्यांना याची सवय नसते, कारण तिकडे हा फरक नगण्य आहे. इथे शंभर पावलांवर तुम्ही वीसेक पावलं बाजूला जाता, म्हणजे नदीत किंवा कालव्यात. शिवाय फोनमधलं होकायंत्र सेटिंगप्रमाणे कधी खरी उत्तर दाखवतं, कधी चुंबकीय. संकेतात कुठली उत्तर धरली आहे ते लिहा आणि अंश घेऊन जायचं अंतर तीस पावलांच्या आत ठेवा.

मराठीत की इंग्रजीत? दोन्ही. इंग्रजी संकेत 'ॲटलस क्वेस्ट' किंवा 'लेटरबॉक्सिंग नॉर्थ अमेरिका' या संकेतस्थळांवर टाका, म्हणजे तुमचा डबा सगळ्यांसाठी खुला होईल. मराठी संकेत स्वतंत्र लिहा, इंग्रजीवरून उतरवू नका. रविवारच्या मराठी शाळेतल्या मुलांना असा एक कागद हातात द्या. घरी मराठी बोलणारी पण वाचायला कुरकुरणारी मुलं चार ओळी वाचण्यासाठी जीव काढतात, कारण पुढची पावलं त्या ओळींवर अवलंबून असतात. 'धाकटा', 'बेचकी', 'बुंधा', 'अंग' हे शब्द पुस्तकात समजावून देता येतात, पण बेचकीत हात घालून डबा बाहेर काढलेल्या मुलाला ते पुन्हा सांगावे लागत नाहीत. हे मी अनेक मुलांच्या बाबतीत पाहिलंय आणि दर वेळी तितकंच बरं वाटतं.

संकेत तयार झाला की तो तुम्ही स्वतः तपासू नका. वाट न पाहिलेल्या एखाद्या मित्राच्या हातात द्या, त्याच्या मागून चाला आणि तोंड बंद ठेवा. तो कुठे थांबतो, कुठे चुकीच्या बाजूला वळतो, ते लिहून घ्या.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात, पण गांभीर्याने. या वाटेवर पॉयझन आयव्ही भरपूर आहे. तीन-तीन पानांचे झुबके, मधल्या पानाचा देठ लांब, आणि झाडावर चढलेली वेल असेल तर तिला दाट केसाळ मुळं. पानं झडल्यावरही त्या वेलीचं तेल अंगाला लागतं आणि फोड उठतात. ती जिथे आहे तिथे डबा नाही, मग जागा कितीही सुंदर असो. गोचिडी वसंतापासून थंडीपर्यंत सगळीकडे असतात आणि लाइम रोग पसरवतात. लांब मोजे, पँट मोज्यांत खोचलेली, घरी आल्यावर कानामागे, काखेत, गुडघ्यामागे नीट बघणं. बेचकीत हात घालण्याआधी काठीने हलवून बघण्याची सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लावा.

लपवल्यानंतरचं काम लपवण्यापेक्षा मोठं आहे, म्हणूनच मी दोनच डबे म्हटलं. बर्फ वितळल्यावर एकदा, आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर एकदा जाऊन बघावं लागतं. मिलस्टोनची पातळी मोजणारं अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण विभागाचं केंद्र ब्लॅकवेल्स मिल्सला आहे आणि त्याचे आकडे इंटरनेटवर चोवीस तास दिसतात. पाऊस झाला की मुलांना तो आलेख उघडायला लावा. पाणी किती चढलं, आपला डबा किती उंचीवर आहे, जावं लागेल का, हे तीच ठरवू लागतील. पण पाणी ओसरल्यावर लगेच धावू नका. वाट खालून पोखरलेली असू शकते आणि बंद केलेला भाग उद्यानाने उघडेपर्यंत तिकडे जायचं नाही. जाताना कोऱ्या पिशव्या, सिलिकाची पुडी, एक सुकं फडकं न्या. वही भिजली असेल तर घरी आणून पानांमध्ये टिश्यू घालून वजनाखाली वाळवा. फेकू नका, तिच्यात लोकांचे हातांनी कोरलेले शिक्के आहेत. वही भरली की नवी ठेवा आणि जुनी घरी जपा.

डबा नाहीसा झाला तर संकेतस्थळावर त्याच दिवशी 'हरवला' अशी नोंद करा, म्हणजे कुणी मुलांना घेऊन उगाच मैलभर चालत येणार नाही. आणि देखभाल जमेनाशी झाली, घर बदललं, मुलं मोठी झाली, तर स्वतः जाऊन डबा उचलून आणा. सोडून दिलेला डबा काही वर्षांत फुटतो आणि त्याचं प्लॅस्टिक नदीत जातं. डबे लपवणाऱ्यांत मला राग येतो तो फक्त अशा सोडून देणाऱ्यांचा.

शेवटी परवानगी, जी खरं तर सगळ्यात आधी मागायची. ही राज्याच्या उद्यानाची जमीन आहे, तेव्हा उद्यानाच्या कार्यालयाला लेखी कळवून होकार आल्यावरच डबा ठेवा. पत्रात नेमकी जागा नकाशावर खूण करून द्या, डब्याचा आकार, आत काय आहे, तुम्ही तो किती वेळा तपासणार आणि नको असेल तर किती दिवसांत काढाल, हे लिहा. पुराची रेघ बघून उंची ठरवली आहे, गवत कापायच्या पट्ट्याबाहेर आहे आणि जुन्या दगडी कामाला हात लावलेला नाही, ही तीन वाक्यं जरूर घाला. वाचणाऱ्या कर्मचाऱ्याला नेमकी हीच काळजी असते. एखादी जागा नाकारली गेली तर वाद न घालता त्यांनाच विचारा की कुठली चालेल. वाट रोज पाहणारी ती माणसं आहेत, बऱ्याचदा तुमच्यापेक्षा चांगली जागा सुचवतात. उत्तर यायला वेळ लागतो, तेवढ्यात शिक्के कोरून होतात. पानं झडताच रेघ बघून पत्र हिवाळ्याच्या सुरुवातीला पाठवलंत, तर कोरायच्या लांब संध्याकाळी हाताशी असतील, आणि वसंतातलं पाणी ओसरलं की डबे जागेवर ठेवता येतील.